हनिमून सिंगापूर – बजेट हॉटेल कुठं घ्यावं? खिडकीवालं का बिनखिडकीचं?

पूर्वभाग_पोरगा
नमस्कार मंडळी. सोलापूरची गड्डा जत्रा झाली की फेब्रुवारीत लग्न आहे आणि हनिमूनला सिंगापूर ठरलंय. मालदीवचे रेट बघून डोळे पांढरे झाले, केरळ आणि मनालीला तिच्या दोन्ही बहिणी जाऊन आल्यात त्यामुळं ते आधीच कटाप, आणि बँकॉक म्हटलं की आमचे मित्र जे हसतात ते बघून तेही कटाप. तिकिटं हैदराबादहून काढलीत, मुंबईपेक्षा जवळ पडतं, डायरेक्ट फ्लाइट आहे आणि मावशी तिथंच राहते, सोलापूरच्या पूर्व भागातल्या (तेलुगू वस्तीतल्या) माणसाला हैदराबाद म्हणजे दुसरं घरच.

आता अडलंय हॉटेलवर. बजेट रात्रीला सहा-सात हजार, फार तर आठ. लिटल इंडिया भागात ह्या पैशात रूम दिसायल्यात, फोटोत एकदम चकाचक, पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की रूमला खिडकी नाही. म्हणजे खरंच नाही का काय? आणि दुसरीकडं गेलांग म्हणून एक एरिया आहे तिथं तेवढ्याच पैशात मोठी रूम, मोठी खिडकी, एका ठिकाणी तर बाथटब. घरच्यांना फोटो दाखवले तर सगळे म्हणायलेत हेच घे. कुणी राहून आलंय का? प्लीज सांगा, व्हिसासाठी बुकिंग लागतंय.

होटगीरोड
बे अभिनंदन! पार्टी कुठं?
हॉटेलचं इतकं टेन्शन कशाला घेतोस, दिवसभर बाहेरच फिरणार ना, हॉटेल नुसतं झोपायला असतं. सगळ्यात स्वस्त घे आणि उरलेले पैसे युनिव्हर्सल स्टुडिओत घाल.

सिंगापुरी_सोलापूरकर
अरे थांब थांब, गेलांग बुक करू नकोस, आधी हे वाच.

मी बरीच वर्षं इथं नोकरीला आहे, मूळचा साखर पेठेतला. गेलांगमध्ये सरकारी परवानगीनं चालणारी रेड लाइट वस्ती आहे, मेन रोडच्या एका बाजूच्या सम नंबरच्या गल्ल्यांत, इथं गल्लीला लोरोंग म्हणतात. त्या भागातल्या कितीतरी हॉटेलांत तासाच्या हिशोबानं रूम मिळते आणि खाली काउंटरवर तसा बोर्डच असतो. आता खरं सांगायचं तर एरिया धोकादायक अजिबात नाही, पोलीस असतात, खायला लई भारी मिळतं, ड्युरियन फळाचे स्टॉल तिथलेच फेमस, मी स्वतः शनिवारी जेवायला जातो. एकटा असतास तर घे म्हणलो असतो. पण नवी नवरी, हातात हिरवा चुडा, रात्री दहाला दोघं हॉटेलवर परत यायलेत आणि लिफ्टमध्ये बरोबर कोण असेल ते सांगता येत नाही. त्यात तुझ्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला आणि म्हणाल्या बाळ जरा बाहेरचा रस्ता दाखव बघू, तर काय दाखवणार?

खिडकीचं म्हणशील तर हो, खरंच नसते, टायपिंग मिस्टेक नाही ती. लिटल इंडिया, चायनाटाउन इथली बरीच बजेट हॉटेलं जुन्या शॉपहाऊसमध्ये काढलेली आहेत. शॉपहाऊस म्हणजे खाली दुकान वर राहायचं घर, रस्त्याच्या बाजूनं अरुंद आणि आत खोलवर लांबच लांब, दोन्ही बाजूला शेजाऱ्याची भिंत चिकटलेली. अगदी आमच्या साखर पेठेतल्या वाड्यासारखं, पुढं उजेड, मागं उजेड आणि मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावायचा. आता त्याच मधल्या भागात हॉटेलवाल्यानं खोल्या पाडल्या तर त्यांना खिडकी कुठून येणार? एसी असतो, एक्झॉस्ट असतो, गुदमरत नाही, पण सकाळ झालेली कळत नाही.

माझं मत विचारशील तर लिटल इंडियाच घे, पण "खिडकीसह" असं रूमच्या नावातच लिहिलेली कॅटेगरी घे, फरक रात्रीला दहा-पंधरा सिंगापूर डॉलरचा पडतो. फोटोवर जाऊ नको, एकाच हॉटेलात दोन्ही टाइपच्या रूम असतात आणि फोटो नेहमी खिडकीवाल्याचाच लावतात.

पूर्वभाग_पोरगा
बाप रे. दादा थँक्यू, वाचवलं तुम्ही. घरी आत्ताच सांगितलं की गेलांग कॅन्सल, का म्हणून विचारलं तर म्हणलो लांब पडतं.

मास्तर_रिटायर्ड
एक विचारू का, राग मानू नका. कर्ज काढून परदेशात हनिमून करायचा आणि खिडकी नसलेल्या खोलीत राहायचं, ह्यापेक्षा महाबळेश्वरला त्याच पैशात राजेशाही राहता येईल की. आमच्या वेळी लग्नानंतर जोडीनं अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर केलं की झालं.

पूर्वभाग_पोरगा
काका कर्ज नाही काढलं, दिवाळीच्या बोनसचे आणि भिशीचे आहेत. आणि तुळजापूर-अक्कलकोट आधी होणार आहेच, आई त्याशिवाय विमानतळावर सोडत नाही.

कडकभाकरी
मास्तर, महाबळेश्वरला सीझनमध्ये रूमचा रेट बघितलाय का अलीकडं? ते जाऊ द्या.

@होटगीरोड "हॉटेल नुसतं झोपायला असतं" हे मित्रांबरोबर गोव्याला जायचं असलं की खरं असतं. ठरवून झालेलं लग्न असतंय, साखरपुड्यापासून फोनवर बोलणं झालं असलं तरी एका खोलीत दोघं पहिल्यांदाच, आणि लग्नाच्या धावपळीनं दोघांची कंबर मोडलेली. आम्ही हनिमूनला निम्मा वेळ नुसते झोपलो होतो, खरोखरचे झोपलो होतो, हसू नका. अशा वेळी रूम बरी पाहिजे. साइट सीइंग एखादं कमी करा.

अवंती_जुळेसोलापूर
सगळे खिडकीवर बोलायलेत, मी एका वेगळ्या गोष्टीवर बोलते कारण पुरुष माणसं ती फोटोत बघतच नाहीत.

बाथरूम कसलं आहे ते बघ भावा! ह्या छोट्या रूममध्ये जागा मोठी दिसावी म्हणून बाथरूमची भिंत काचेची करतात. काही ठिकाणी धुरकट काच असते, काही ठिकाणी आरपार, आणि दाराच्या खाली-वर फट. बेडवरून सगळं दिसतं आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. फोटोत लई रोमँटिक वाटतं हो, पण नव्या मुलीला सकाळी उठून त्या काचेच्या पेटीत जायचंय आणि दहा फुटांवर नवरा मोबाईल बघत बसलाय, ह्यासारखी अवघड गोष्ट नाही. आमच्या वेळी (सिंगापूर नाही, दुसऱ्या देशात) असंच होतं. हे बिचारे रोज सकाळी "चहा बघून येतो" म्हणून खाली जाऊन रस्त्यावर उभे राहायचे. रूममध्ये किटली होती, चहाच्या पुड्या होत्या, तरी हे खाली जायचे. मला ते तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं आणि खरं सांगते माणूस तिथंच आवडला.

तर बाथरूमला पक्की भिंत आणि कडी असलेलं दार आहे का ते रिव्ह्यूच्या फोटोत बघ, हॉटेलच्या फोटोत नाही, राहून गेलेल्या लोकांनी टाकलेल्या फोटोत. आणि बुकिंगमध्ये डबल बेड लिहिलाय का ट्विन ते बघ, ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग. आणि बऱ्याच ठिकाणी कमोडला जेट नसतो, नुसता कागद, बॅगेत एक रिकामी बाटली टाक.

होटगीरोड
अवंतीताई, तुमच्या मिस्टरांना दंडवत.

टेरीटॉवेल
रेटचं गणित कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. सिंगापुरात हॉटेलच्या रेटपुढं दोन अधिक चिन्हं दिसली की समजायचं हे फायनल नाही. एक अधिक म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरं म्हणजे जीएसटी, तो २०२४ पासून ९ टक्के आहे, आणि जीएसटी सर्व्हिस चार्ज धरून लागतो. म्हणजे १०० डॉलरची रूम ११९ डॉलर ९० सेंटला पडते, सरळ विसाचा फटका. साइटवर पहिल्या पानाचा आकडा बघून खूश होऊ नको, पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन तिथला आकडा लिहून घे आणि मगच दोन हॉटेलं कम्पेअर कर. रेस्टॉरंटमध्ये पण मेनूवर तीच दोन चिन्हं असतात. हॉकर सेंटरला (खाण्याच्या टपऱ्या एकत्र असतात तिथं) मात्र पाटीवर जे लिहिलंय तेच द्यायचं.

आणि कॅन्सल करता येणारं बुकिंग घे. व्हिसा ऑनलाइन असतो पण स्वतः भरता येत नाही, अधिकृत एजंटामार्फतच जातो, फी ३० डॉलर आणि वर एजंटाचे चार्जेस, नाकारला तर फी परत नाही. त्यात हॉटेलचे पण अडकायला नकोत.

आमचा टॉवेलचा माल जातो तिकडं, म्हणून एक काम सांगतो, रूममधला टॉवेल नीट बघून ये आणि इथं लिही. लाज वाटून घेऊ नको.

पूर्वभाग_पोरगा
हा हा, आम्ही पण एमआयडीसीतलेच, सांगायला नको, टॉवेल दिसला की हात आपोआप किनारीवर जातो.

एक घाबरत घाबरत विचारतो. तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. लग्नाचं सर्टिफिकेट तोवर हातात येणार नाही. चेक-इनला नवरा-बायको आहात का असं विचारतात का? इकडं लॉजवर काय काय विचारतात माहितेय ना.

सिंगापुरी_सोलापूरकर
कुणी विचारत नाही. दोघांचे पासपोर्ट घेतात, कॉपी काढतात, किल्ली देतात. फक्त तिकीट, व्हिसा आणि हॉटेल तिन्हीकडं तिचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच पाहिजे, हौसेनं नवं आडनाव लावू नका, तिकिटावर वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं झालं तर हैदराबादलाच अडकाल.

अजून दोन गोष्टी. पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या साइट पैसे मागतात, तिथून लगेच बाहेर पड. आणि फेब्रुवारी म्हणतोस तर चिनी नववर्षाची तारीख बघून घे, ते साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मधे कधीही येतं. त्या दोन-तीन दिवसांत चायनाटाउनची कितीतरी दुकानं बंद असतात आणि रेट पण हलतात. लिटल इंडिया चालू असतं.

रविवारी संध्याकाळी मात्र लिटल इंडियात पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या बांधकामांवरचे तमिळ आणि बांगलादेशी कामगार सुट्टीला तिथंच जमतात. बिचारे फोन करतात, गवतावर बसून जेवतात, घरी पैसे पाठवतात. घाबरायचं काही कारण नाही पण रस्त्याकडच्या रूममध्ये आवाज येणार. मागच्या बाजूची रूम माग.

शेंगाचटणी_प्रेमी
खायचं काय नेता येतं? आमच्या बहिणीनं दोन किलो शेंगा चटणी आणि शंभर कडक भाकरी नेल्या होत्या दुबईला.

कडकभाकरी
माझं नाव घेतल्याबद्दल आभारी आहे.

अवंती_जुळेसोलापूर
चटणी-भाकरी चालते, पण अनारसे नेऊ नका! लग्नाच्या शिदोरीत अनारसे हमखास असतात आणि अनारश्यावर खसखस. सिंगापुरात खसखस बंदी आहे, तिथं ती अमली पदार्थाच्या खात्यात धरतात. खोटं वाटेल पण खरं आहे. रुखवतातला डबा उघडून बघा एकदा, कुठल्या काकूनं काय भरलंय पत्ता नसतो.

सिंगापुरी_सोलापूरकर
ताई एकदम बरोबर. आणि तंबाखू, मावा, गुटखा काहीही नाही, खायच्या तंबाखूवर पूर्ण बंदी. व्हेप (ई-सिगरेट) तर अजिबात नाही, त्यावर आता लई कडक झालेत. सिगरेट पण ड्युटी फ्री नाही, एक पाकीट असलं तरी डिक्लेअर करून टॅक्स भरायचा. च्युइंगमची बंदी तर सगळ्यांना माहीतच आहे, १९९२ पासूनची. मेट्रोत पाण्याचा घोट पण घ्यायचा नाही, ५०० डॉलरपर्यंत दंड आहे.

पण नळाचं पाणी थेट प्यायचं. रूममधल्या बाथरूमच्या नळाचं सुद्धा. बाटल्यांवर पैसे घालवू नका.

होटगीरोड
चोवीस तास नळाला पाणी आणि ते पण पिण्याचं?? भावा तू तिथं हनिमून कर, आम्ही नुसते नळ बघायला येतो. इकडं पाणी येऊन आज पाचवा दिवस आहे.

मास्तर_रिटायर्ड
आमच्याकडं काल आलं होतं. रात्री अडीचला.

पूर्वभाग_पोरगा
मंडळी, हॉटेल बुक झालं! लिटल इंडिया, खिडकीसह, डबल बेड, बाथरूमला पक्की भिंत (सहा रिव्ह्यूचे फोटो झूम करून बघितले), मेट्रो स्टेशनपासून चालत. सगळा टॅक्स धरून बजेटच्या थोडं वर गेलं, पण तिला फोनवर विचारलं तर म्हणाली नाइट सफारी (रात्रीचं प्राणिसंग्रहालय) नको, खिडकी घे. आता हळदीच्या गडबडीत आहे, आल्यावर सविस्तर लिहितो. लग्नाला यायचं सगळ्यांनी, पत्रिका मेसेज करतो.

पूर्वभाग_पोरगा
आलो बरं का मंडळी. धागा वर काढतो. लांबडं लिहिणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

विमान रात्रीचं होतं, चांगी विमानतळावर उजाडायच्या सुमाराला उतरलो. हळद पण नीट निघाली नव्हती. अरायव्हल कार्ड भरलं होतं, इमिग्रेशनला मशीनपुढं उभं राहिलो, बाहेर. तिथून मेट्रोनं एक्स्पो स्टेशन, तिथं डाउनटाउन लाइन पकडली की सरळ लिटल इंडिया, एकदाच बदलायचं, टॅक्सीची गरजच नाही. एवढं सगळं सुरळीत झालं आणि हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला चेक-इन तीन वाजता. घड्याळात साडेआठ. आणि आपलं पोट, डोळे सगळे अडीच तास मागं, म्हणजे आमच्या हिशोबानं सकाळचे सहा. लवकर रूम पाहिजे तर अर्ध्या दिवसाचे वेगळे पैसे. नाही दिले. बॅगा काउंटरमागं ठेवून घेतल्या, त्याचं काही घेतलं नाही. तिनं बॅगेतून टॉवेल, ड्रेस, दात घासायचं काढलं आणि खालच्या कॉमन वॉशरूममध्ये तयार होऊन आली, मी पण. मग सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये डोसा. १९४७ सालचं हॉटेल आहे ते. केळीच्या पानावर जेवणारी तमिळ माणसं, शेजारच्या देवळात घंटा, चौकात गजरेवाली, आणि बायको म्हणते आपण खरंच फॉरेनला आलोय ना? मी म्हणलो रस्त्यावर बघ, कुणी थुंकलेलं दिसायलंय का?

रूम. जी साइटवर १० स्क्वेअर मीटर लिहिली होती ती खरंच तेवढीच, म्हणजे साधारण १०८ स्क्वेअर फूट, बाथरूम धरून. पलंग दोन बाजूंनी भिंतीला टेकलेला, त्यामुळं आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला उतरायचं तर पायथ्याकडून रांगत यायचं. दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत, एक उघडायची, काम करायचं, बंद करून उभी करायची, मग दुसरी. पण स्वच्छ म्हणजे स्वच्छ, चादरीला एक सुरकुती नाही. खिडकी मागच्या गल्लीकडं होती, समोर एसीची आउटडोअर युनिटं आणि एका हॉटेलच्या भटारखान्याचं मागचं दार. पहाटे तिथं मोठ्या पातेल्यात सांबार ढवळणारा माणूस दिसायचा. व्ह्यू म्हणाल तर एवढाच.

@टेरीटॉवेल साहेब, टॉवेल बघितला. मोठा ७० बाय १४० सेंटीमीटर, पाइल (वरचे दोऱ्याचे फास) पार झिजलेला, ४०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वर काही नसंल, पण किनारीची शिलाई डबल आणि इतक्या धुलाया होऊन एक दोरा सुटलेला नाही. लेबल कापलेलं होतं, नुसता लाँड्रीचा नंबर, त्यामुळं कुठला माल ते कळलं नाही. मी उजेडाला धरून बघत होतो तेवढ्यात ती बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "काय करायलाय?" मी म्हणलो ताणा बघायलोय. लग्नाला चार दिवस पण झाले नव्हते, काय समजली असेल देव जाणे.

एक कटकट झाली ती पण सांगतो. डिपॉझिट म्हणून कार्डवर काही रक्कम ब्लॉक करतात, माझ्या कार्डावर इंटरनॅशनल युसेज बंद होता, अ‍ॅपमधून चालू करायला ओटीपी पाहिजे आणि सोलापूरचं सिम रोमिंगवर नाही. शेवटी कॅश डिपॉझिट घेतलं त्यांनी, जाताना परत दिलं. जाणाऱ्यांनी घरूनच चालू करून ठेवा. आणि प्लगची पिन वेगळी आहे, चौकोनी तीन पिनांची, आपला चार्जर बसत नाही. काउंटरवर मागितला तर अडॅप्टर मिळाला पण एकच, आणि फोन दोन.

पैसे कुठं वाचले: रात्री गार्डन्स बाय द बे मधला उंच कृत्रिम झाडांचा लाइट शो फुकट आहे, पावणेआठ आणि पावणेनऊला, आम्ही खाली जमिनीवर आडवं पडून बघितला. मरीना बेचा पाण्याचा शो पण फुकट. विमानतळाला जोडलेल्या ज्वेल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा फुकट. मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात मात्र पैसे वाचत नाहीत, तिथं आईनं दिलेली यादी आणि सासूबाईंची यादी दोन्ही होत्या.

कडकभाकरी
मस्त लिहिलंस. नाइट सफारी राहिली त्याचं वाईट वाटलं का?

पूर्वभाग_पोरगा
मला थोडं वाटलं. तिचं तिलाच विचारा, शेजारीच बसून वाचायलीय, फोन मागायलीय.

पूर्वभाग_पोरगा
नमस्कार, मी त्यांची मिसेस, त्यांच्याच आयडीवरून लिहिते. ह्यांनी जे लिहिलंय ते बरोबर आहे पण माझ्या दृष्टीनं मुद्दा राहिलाच.

अवंतीताई, बाथरूमचं तुम्ही लिहिलेलं मी लग्नाआधीच वाचलं होतं, ह्यांनी धाग्याची लिंक पाठवली होती. तुमचे लई आभार. पक्की भिंत होती म्हणून निभावलं. पण एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. मला रोज आईशी बोलायचं असायचं. आणि दहा बाय दहाच्या खोलीत आईशी काय बोलणार? ती विचारणार नीट आहेस ना, जेवलीस का, जावई कसे आहेत, आणि जावई दीड हातावर बसलेले. हे कानात हेडफोन घालून बसायचे बिचारे, पण मला माहीत की गाणं चालू नाहीये. ह्या छोट्या हॉटेलांना लॉबी म्हणून काही नसतं, एक काउंटर, एक खुर्ची आणि समोर रस्ता.

मग मला तळमजल्यावर मागं धुलाईची खोली सापडली. नाणं टाकून चालणारी दोन वॉशिंग मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक प्लास्टिकचं स्टूल. रोज संध्याकाळी मी दोन कपडे घेऊन धुवायला म्हणून खाली जायचे, मशीन लावायचे आणि ते फिरेपर्यंत आईशी, ताईशी, मैत्रिणीशी सगळ्यांशी बोलून घ्यायचे. एकदा रडून पण घेतलं, काही कारण नव्हतं, नुसतंच. तिथं एक फिलिपिन्सची बाई इस्त्री करत होती, तिनं काही न विचारता टिश्यूचं पाकीट पुढं केलं.

तर नव्या मुलींनी हॉटेल बघताना खिडकी बघा, बाथरूम बघा आणि असा एखादा कोपरा आहे का ते पण बघा, गच्ची, जिना, धुलाईची खोली, काहीही. सोय म्हणून लिहिलेलं असतं साइटवर "सेल्फ सर्व्हिस लाँड्री", मी पुढच्या वेळी तेच बघून बुक करणार.

नाइट सफारीचं मला काही वाटलं नाही. खिडकीचा उपयोग झाला, उठल्यावर उजाडलंय का ते कळायचं आणि सांबारचा वास यायचा. ह्यांना वासानं जाग यायची.

अवंती_जुळेसोलापूर
अगं बाई! हे मी कसं विसरले. मी जिन्यात बसून बोलायचे आईशी. लिहिलंस ते फार बरं केलंस, आणि नव्या संसाराला खूप शुभेच्छा. एकदा ये घरी जेवायला, दोघं या.

होटगीरोड
म्हणजे भावाला वाटत होतं बायको लई स्वच्छतेची आहे, रोज कपडे धुवायलीय…

पूर्वभाग_पोरगा
बे मला आत्ता कळायलंय हे सगळं!! मी पहिल्या दिवशी म्हणलो पण, घरी गेल्यावर धू की, नाण्यांना डॉलर लागायलेत. तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसून खिशातली सगळी चिल्लर काढून दिली.

टेरीटॉवेल
७० बाय १४० आणि डबल स्टिच म्हणजे माल बरा आहे. ड्रायरमध्ये रोज भाजल्यावर पाइल झिजणारच. फोटो काढला असशील तर पाठव.

मास्तर_रिटायर्ड
वाचून बरं वाटलं. आमच्या सौ. पण वाचत होत्या. म्हणाल्या, पंढरपूरच्या धर्मशाळेत मी कुठं बोलणार होते आईशी, फोनच नव्हता. मी म्हणलो पत्र लिहायचं होतंस. म्हणाल्या लिहिलं होतं, तुम्हीच पोस्टात टाकायला नेलंत आणि वाचलंत.

कडकभाकरी
मास्तर!!! 😀😀

मास्तर_रिटायर्ड
पाकीट उघडंच होतं. असो.

जोडभावी_जंक्शन
नवीन मेंबर आहे. मे महिन्यात लग्न आहे, आम्ही क्वालालंपूर बघायलोय, तिथं पण बिनखिडकीच्या रूम असतात का? आणि बाथरूमचं काय? धुलाईची खोली असलेलं कुणाला माहितेय का, होणारी मिसेस हा धागा वाचून तेच विचारायलीय.

होटगीरोड
नवा धागा काढ बे, इथं टॉवेलचा फोटो यायचाय अजून.